जुन्या हॉकी कार्डांचा दुर्मीळपणा आणि मागणी: दोन्ही वेगवेगळी कशी मोजावी

बेळगावात हॉकी म्हटले की १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे सुवर्णपदक आणि त्या संघातले आपले बंडू पाटील आठवतात. या लेखातली हॉकी मात्र बर्फावरची आहे आणि विषय आहे त्या खेळाडूंची चित्रे छापलेल्या जुन्या कार्डांचा. टोरंटोजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी अशी दोन कार्डे आणून दिली आणि तेव्हापासून मला हा नाद लागला. मुले कॅनडात असलेल्या टिळकवाडी-शहापूर भागातल्या ओळखीच्या दोन-चार घरांतून अधूनमधून विचारणा होते की एखादे कार्ड घ्यावे की नाही, आणि सांगितलेली किंमत रास्त आहे की नाही. त्यांना मी जे सांगतो तेच येथे नीट लिहून काढत आहे.

आधी श्रेणीविषयी. अमेरिकेतील पीएसए ही संस्था १९९१ पासून कार्डे तपासून १ ते १० अशी श्रेणी देते आणि कार्ड पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करते. या डबीला स्लॅब म्हणतात. एसजीसी, बेकेट आणि कॅनडातील केएसए या संस्थाही हेच काम करतात, पण जुन्या कार्डांच्या बाजारात पीएसएच्या आकड्याला बहुधा अधिक दाम मिळतो. तपासणी कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग या चार गोष्टींची होते. आपल्याकडे सेंटरिंग म्हटले की स्लॅब टाकण्याआधी ठोकतात त्या फळ्या डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र त्याचा अर्थ चित्राभोवतीची किनार चारही बाजूंनी किती सारखी आहे एवढाच. किनारीचे प्रमाण साधारण ६०-४० च्या आत असेल तर ९ श्रेणी मिळू शकते आणि ६५-३५ च्या आत असेल तर ८. अर्थात बाकीच्या तीन गोष्टीही तशाच असाव्या लागतात. काही वेळा आकड्यापुढे 'ओसी' अशी अक्षरे असतात. कार्ड बाकी सर्व बाबतींत त्या श्रेणीचे आहे, पण चित्र एका बाजूला सरकले आहे, असा त्याचा अर्थ होतो. आणि तशा ८ ची किंमत नुसत्या ८ पेक्षा बरीच खाली असते.

आता मुख्य मुद्दा. कार्ड दुर्मीळ आहे का आणि ते कोणाला हवे आहे का, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि विकणारा माणूस नेहमी पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचेही दिले असे भासवतो. संकेश्वरी मिरचीची आवक घटली की दर चढतो, कारण उन्हाळ्यात वर्षाची चटणी करून ठेवणारी हजारो घरे तिची वाट पाहत असतात. ज्या मिरचीची चटणी कोणी करतच नाही तिचे एकच पोते बाजारात आले म्हणून सौद्यात कोणी बोली वाढवत नाही. कार्डाची गोष्टही तशीच आहे.

दुर्मीळपणाचेही प्रकार आहेत. पहिला प्रकार म्हणजे मुळातच कमी छपाई. १९२३-२४ च्या पॅटरसन संचातले बर्ट कॉर्बो याचे कार्ड हे याचे ठळक उदाहरण आहे. पूर्ण संच जमवून देणाऱ्याला बक्षीस होते आणि संच सहजासहजी पूर्ण होऊ नये म्हणून हे एक कार्ड अगदी मोजके छापले गेले. कॉर्बो हा काही त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू नव्हता. तरी आजही त्याच्या कार्डाला जी मागणी आहे ती त्याच्यासाठी नसून, त्याच्याशिवाय संच अपुरा राहतो म्हणून आहे.

दुसरा प्रकार म्हणजे छपाई पुरेशी होऊनही काळाच्या ओघात थोडीच उरणे. १९१० ते १९१३ या काळात कॅनडात सिगारेटच्या पाकिटांतून निघालेले तीन संच संग्राहक सी५६, सी५५ आणि सी५७ या क्रमांकांनी ओळखतात. त्यांत अनुक्रमे ३६, ४५ आणि ५० कार्डे आहेत. पाकीट ताठ राहावे आणि गिऱ्हाईकाने पुन्हा त्याच छापाची सिगारेट घ्यावी, असे दोन हेतू त्या काळी पाकिटातल्या कार्डामागे असत. निपाणीत तंबाखूच्या वखारी पाहत वाढलेल्या माणसाला या व्यापारी युक्तीचे नवल वाटणार नाही. ती कार्डे खिशात, पेटीत, मुलांच्या हातांत फिरली आणि बहुतेक झिजून गेली. सी५५ मधील गोलरक्षक जॉर्जेस वेझिना याचे कार्ड श्रेणी २ किंवा ३ मध्ये असले तरी लोक आनंदाने घेतात, कारण उत्तम गोलरक्षकाला दिला जाणारा चषक आजही त्याच्याच नावाचा आहे.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे: कार्ड मुबलक, पण चांगल्या अवस्थेतले दुर्मीळ. १९६६-६७ च्या टॉप्स कंपनीच्या संचात चित्राभोवती लाकडी टीव्हीच्या चौकटीसारखी तपकिरी किनार छापली होती. गडद रंगाची कड जरा घासली तरी खालचा पांढरा पुठ्ठा दिसतो, त्यामुळे या संचातले ३५ क्रमांकाचे बॉबी ऑर याचे पहिले कार्ड ४ किंवा ५ श्रेणीत शोधल्यास मिळते, पण ८ च्या वर गेल्यावर किंमत पायऱ्या न मोजता चढते. १९७९-८० च्या ओ-पी-ची या कॅनडातल्या कंपनीच्या संचातले १८ क्रमांकाचे वेन ग्रेट्झकी याचे कार्ड हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. त्याच्या निळ्या कडा लगेच खरवडतात, शिवाय त्या कारखान्यात कागदाचे थर तारेने कापले जात असल्यामुळे कडा दंतुर निघत. पीएसएकडे त्याची १० श्रेणीची दोनच कार्डे नोंदलेली आहेत. त्यांपैकी एक डिसेंबर २०२० मध्ये १२ लाख ९० हजार डॉलरला आणि पुढच्याच मे महिन्यात ३७ लाख ५० हजार डॉलरला गेले. अमेरिकेत त्याच वर्षी, त्याच मांडणीत टॉप्सनेही ग्रेट्झकीचे कार्ड काढले होते. श्रेणी सारखी असली तरी ते स्वस्त पडते, कारण कॅनडातल्या संग्राहकाला आपल्या देशातले ओ-पी-चीच हवे असते. चेहरा एकच, वर्ष एकच, आणि फरक मागणीचा.

या तिसऱ्या प्रकारात माझे हात पोळले आहेत. १९७० च्या दशकातल्या एका संचातले फारसे नाव नसलेल्या एका खेळाडूचे ९ श्रेणीचे कार्ड मी घेतले होते. 'जगात अशी चारच, याहून वरचे एकही नाही' असे विकणाऱ्याने सांगितले आणि ते शब्दशः खरे होते. तीन वर्षांनी विकायला काढले तेव्हा दिलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यालाही गिऱ्हाईक मिळेना. चूक माझी होती. मी पॉप रिपोर्ट वाचला होता, पण तो काय मोजतो याचा विचार केला नव्हता.

पॉप रिपोर्ट म्हणजे त्या संस्थेने आजवर एखाद्या कार्डाला कोणती श्रेणी किती वेळा दिली याची यादी. ती संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. परंतु जगात किती कार्डे आहेत हे ती सांगत नाही. किती लोकांनी शुल्क भरून कार्ड तपासून घेतले एवढेच सांगते. साधारण खेळाडूच्या कार्डाची किंमत तपासणीच्या शुल्काएवढीही नसेल तर ते पाठवणार कोण? अशी शेकडो कार्डे चांगल्या अवस्थेत वह्यांत आणि खोक्यांत पडून असतात, आणि रिपोर्टात चारच दिसतात. म्हणजे कमी आकडा हा पुष्कळदा मागणी नसल्याचाच पुरावा असतो. उलट मोठ्या खेळाडूच्या कार्डाचा आकडा फुगलेलाही असू शकतो, कारण लोक ८ चा स्लॅब फोडून ९ च्या आशेने तेच कार्ड पुन्हा पाठवतात आणि जुने लेबल परत केले नाही तर एकच कार्ड दोनदा मोजले जाते.

म्हणून रिपोर्ट वाचताना मी एक रीत पाळतो. हव्या असलेल्या कार्डाची एकूण संख्या, त्यांतली ८ आणि वरची संख्या, आणि त्याच संचातल्या चार-पाच साधारण कार्डांचे तेच आकडे वहीत शेजारी शेजारी लिहितो. साधारण कार्डांत वरच्या श्रेणींचे प्रमाण जास्त दिसते, कारण त्यांतली निवडक, कोरी कार्डेच लोक पाठवतात. नामांकित खेळाडूचे मात्र दुमडलेले, शाई लागलेले कार्डही पाठवले जाते. हा फरक वजा करून पाहिला तरच त्या संचात चांगली अवस्था खरोखर किती दुर्मीळ आहे याचा अंदाज येतो. सहा महिन्यांनी तेच आकडे पुन्हा लिहावेत. वरच्या श्रेणीचा आकडा भराभर वाढत असेल तर कोठेतरी जुना साठा उघडला आहे असे समजावे. सस्कॅचेवान प्रांतातल्या एका घरात १९७९-८० ची न फोडलेली पेटी सापडली आणि फेब्रुवारी २०२४ च्या लिलावात तिची किंमत ३७ लाख डॉलरच्या वर गेली. तीत १६ खोकी, प्रत्येकात ४८ पाकिटे आणि पाकिटात १४ कार्डे, म्हणजे दहा हजारांवर कार्डे होती. ३९६ कार्डांच्या संचाच्या हिशेबाने त्यांत ग्रेट्झकी सुमारे २७ असावेत. ती पाकिटे उद्या कोणी फोडली तर १० श्रेणीचा आकडा दोनवरच राहील याची हमी देता येत नाही.

मागणी मोजायला रिपोर्टाएवढे सोयीचे साधन नाही, पण खुणा आहेत. मागितलेली किंमत पाहू नये, विकली गेलेली पाहावी. ईबेवर फक्त विकलेल्या वस्तू दाखवण्याची सोय आहे, आणि मोठ्या लिलावगृहांच्या जुन्या निकालांची नोंद पाहता येते. लिलावाच्या आकड्यात खरेदीदाराचे अधिमूल्य (बोलीवर लिलावगृह वेगळे घेते ते शुल्क) धरले आहे की नाही हे तपासावे, नाहीतर दोन आकड्यांची तुलना चुकते. एकाच श्रेणीचे कार्ड वर्षातून किती वेळा विकले गेले हे किमतीइतकेच महत्त्वाचे आहे. वर्षात वीस विक्री आणि भाव जवळपास सारखे, तर मागणी खोल आहे. दोन वर्षांत एकच विक्री आणि तीही विक्रमी, तर संच पूर्ण करण्याच्या चढाओढीत दोन माणसे जिद्दीला पेटली असण्याची शक्यता मोठी. त्यांतल्या एकाला कार्ड मिळाले की पुढच्या वेळी बोली लावणारा एकटाच उरतो.

खोल मागणीची कार्डे थोडीच आहेत आणि नवशिक्याने तेवढीच पाहावीत असे माझे स्पष्ट मत आहे. १९५१-५२ च्या पार्कहर्स्ट संचातील गॉर्डी हाऊ आणि मॉरिस रिचर्ड यांची पहिली कार्डे, १९५८-५९ चा बॉबी हल, १९६६-६७ चा ऑर, १९७९-८० चा ग्रेट्झकी. पार्कहर्स्टचा तो संच महायुद्धानंतरचा पहिला मोठा संच असल्यामुळे चाळीसच्या दशकात खेळून नावारूपाला आलेल्या खेळाडूंची पहिली कार्डेही त्यातच सापडतात. रिचर्ड तर तोपर्यंत कित्येक हंगाम खेळून चुकला होता. यांतले कोणतेही कार्ड ४ ते ६ श्रेणीत, चित्र मध्यभागी असलेले आणि समोरून प्रसन्न दिसणारे मिळाले, तर अनोळखी खेळाडूच्या ९ पेक्षा मी तेच घेईन. विकायची वेळ आली तर बेळगावात गिऱ्हाईक नाही, टोरंटो-मॉन्ट्रियलमध्ये आहे, आणि तिकडच्या माणसाला नाव समजावून सांगावे लागता कामा नये.

पैसे देण्यापूर्वी स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. नुसते नाव जुळून भागत नाही, कारण खऱ्या क्रमांकाचे खोटे स्लॅबही बनतात. तेथे छायाचित्र असेल तर कोपऱ्यातला डाग, किनारीचा कल आणि छपाईतला ठिपका ताडून घ्यावा. स्लॅबमध्ये नसलेल्या ग्रेट्झकीच्या वाटेला नवशिक्याने जाऊच नये, त्याच्या नकला पुष्कळ आहेत. ओ-पी-चीच्या कार्डाची कड सुरीने कापल्यासारखी सरळ दिसली तर कौतुक न करता संशय घ्यावा. आणि स्लॅबवरही आंधळा विश्वास नको: पीएसएने श्रेणी दिलेले पहिलेच कार्ड, म्हणजे एकेकाळी खुद्द ग्रेट्झकीच्या भागीदारीतले होनस वॅग्नर याचे बेसबॉल कार्ड, कडा कापलेले असल्याची कबुली ते विकणाऱ्याने २०१३ मध्ये दिली.

खर्चाचा हिशेब रुपयांत आणि पूर्ण मांडावा. डॉलरचा त्या दिवसाचा दर, बँकेचे किंवा क्रेडिट कार्डाचे शुल्क, कुरिअर, विमा, सीमाशुल्क आणि कर हे सर्व धरून कार्ड घरी कितीला पडेल ते काढावे आणि मगच बोलीची मर्यादा ठरवावी. भाचा किंवा मुलगा येताना आणणार असेल तरी विमानतळावरचे नियम आधी विचारून घ्यावेत आणि खरेदीची पावती सोबत ठेवायला सांगावे.

जपणुकीत आपल्याकडचा पावसाळा हाच मोठा वैरी. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, विशेषतः खानापूरच्या बाजूला, कपाटातल्या रेशमी साड्यांनाही बुरशी धरते; स्लॅब हवाबंद नसतो, त्यामुळे आतला पुठ्ठा ओल धरून वाकू शकतो. प्रत्येक स्लॅब वेगळ्या प्लास्टिक पिशवीत घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह उभा ठेवावा. पुड्या दर महिन्याला बदलाव्यात किंवा त्यांच्या वेष्टनावर सांगितले असेल त्याप्रमाणे तापवून कोरड्या कराव्यात. बाहेरच्या भिंतीला लागून असलेले कपाट आणि देवघराजवळची जागा टाळावी. पहिल्या ठिकाणी ओल असते, दुसऱ्या ठिकाणी धूर आणि तेलाची वाफ. उन्हात तर मुळीच ठेवू नये, कारण जुन्या छपाईतला लाल रंग आधी उडतो. घेतल्या दिवशी कार्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि गणपतीच्या सुमारास डबा उघडून त्यांच्याशी ताडून पाहावे.