छोट्या कॉलेज जिममध्ये बास्केटबॉल पाहायला जाताना या चुका टाळा

बॉस्टन परिसरात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मंडळींना बास्केटबॉल म्हटले की सेल्टिक्स हा व्यावसायिक संघ आणि त्यांचे एकोणीस हजारांहून अधिक आसनांचे टीडी गार्डन आठवते. त्याच शहरात चार्ल्स नदीच्या दक्षिण तीरावर हार्वर्ड विद्यापीठाचे लॅव्हिएटीस पॅव्हिलियन आहे. 1926 साली बांधलेल्या या इमारतीत जेमतेम 1,636 प्रेक्षक बसू शकतात. मूळची ही वास्तू धावपटूंच्या आणि बेसबॉलच्या बंदिस्त सरावासाठी होती आणि बास्केटबॉल तिथे पुष्कळ नंतर, 1980च्या दशकाच्या सुरुवातीला आला. मोठ्या स्टेडियममध्ये प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यात जे अंतर असते, ते इथे जवळजवळ नसते. पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या बहुतेक चुका हे लक्षात न आल्याने होतात.

चुकीच्या इमारतीसमोर उभे राहणे

ही चूक सर्वांत जास्त वेळा होते आणि सर्वांत महागही तीच पडते. ‘हार्वर्डचा सामना’ एवढेच डोक्यात ठेवून लोक मेट्रोच्या रेड लाइनच्या हार्वर्ड स्थानकावर उतरतात आणि समोर दिसणाऱ्या हार्वर्ड यार्डच्या फाटकातून आत शिरतात. तिथे वाचनालये, वसतिगृहे आणि पर्यटक आहेत, बास्केटबॉल नाही. चौकशी केली तर कोणी जवळच्या माल्किन अ‍ॅथलेटिक सेंटरकडे बोट दाखवते. तेही व्यायामशाळेचेच ठिकाण असल्याने आणखी दहा मिनिटे वाया जातात. लॅव्हिएटीस पॅव्हिलियन केंब्रिजमध्ये नसून नदीपलीकडे, बॉस्टनच्या ऑल्स्टन भागात आहे. स्थानकातून बाहेर पडल्यावर जेएफके स्ट्रीटने नदीकडे चालत जावे, अँडरसन पूल ओलांडावा आणि नॉर्थ हार्वर्ड स्ट्रीटने थोडे पुढे यावे. उजव्या हाताला 1903 सालचे घोड्याच्या नालेच्या आकाराचे फुटबॉल स्टेडियम दिसले की आपण योग्य वाटेवर आहोत असे समजावे. ही साधारण पंधरा मिनिटांची चाल आहे. पण डिसेंबरात दुपारी सव्वाचारलाच सूर्य मावळतो आणि पुलावर नदीवरचा वारा थेट कानांत घुसतो, त्यामुळे लहान मूल बरोबर असेल तर ती तितकी सोपी राहत नाही. नकाशात विद्यापीठाचे नाव न टाकता जिमचे नाव टाकावे. हा नियम अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांना लागू पडतो. न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाचे 1925 सालचे रोझ हिल जिम ब्रॉन्क्समध्ये आहे आणि त्याच विद्यापीठाचा दुसरा परिसर मॅनहॅटनमध्ये लिंकन सेंटरजवळ. केवळ विद्यापीठाचे नाव शोधून निघालेला माणूस कुठे पोहोचेल ते सांगता येत नाही.

तारीख पाहणे, पण दिनदर्शिका न पाहणे

कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि साखळी सामने मार्चच्या सुरुवातीला संपतात. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत विद्यार्थी सुट्टीवर असतात. त्या काळात सामने होतात, पण विद्यार्थ्यांची बाके ओस पडलेली असतात आणि ‘कॉलेजच्या सामन्यात वातावरण असते म्हणे’ या अपेक्षेने गेलेला प्रेक्षक हिरमुसतो. वातावरणच अनुभवायचे असेल तर जानेवारीअखेरपासून आयव्ही लीगचे, म्हणजे हार्वर्ड ज्या साखळी स्पर्धेत खेळते तिचे, सामने गाठावेत. या लीगमध्ये आठ विद्यापीठे असून प्रत्येक संघ इतर सातही संघांशी एकदा घरी आणि एकदा बाहेर, असे चौदा सामने खेळतो. म्हणजे घरचे सामने सातच मिळतात. बरेचसे सामने शुक्रवारी आणि लगेच शनिवारी असे लागोपाठ येतात. जुना प्रतिस्पर्धी असलेल्या येलविरुद्धच्या सामन्याची तिकिटे मात्र दारावर मिळतील या भरवशावर राहू नये.

वेळापत्रक पाहताना पुरुषांचा सामना की महिलांचा, हेही नीट वाचावे. दोन्ही संघ त्याच जिममध्ये खेळतात, मात्र त्यांचे नियम सारखे नाहीत.

नियम तेच असतील असे गृहीत धरणे

पुण्यात किंवा मुंबईच्या नागपाड्यात बास्केटबॉल पाहिलेल्या वाचकाला दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि चेंडू टाकण्यासाठी 24 सेकंद यांची सवय असते. कॉलेजच्या महिला सामन्यात दहा मिनिटांचे चार भागच असतात, परंतु पुरुषांच्या सामन्यात वीस मिनिटांचे दोन अर्ध असतात. खेळ थोडा वेळ थांबला, बँड वाजू लागला की नवखे प्रेक्षक पहिला भाग संपला असे समजून पॉपकॉर्नच्या रांगेत जातात. तो प्रक्षेपणासाठीचा ठरलेला विराम असतो आणि ते परत येईपर्यंत यजमानांनी सहा गुण मिळवलेले असू शकतात. पुरुषांच्या सामन्यात हे विराम घड्याळात 16, 12, 8 आणि 4 मिनिटे उरल्यानंतर खेळ पहिल्यांदा थांबतो तेव्हा घेतले जातात. एवढे लक्षात ठेवले की पाणी प्यायला केव्हा उठावे हे कळते. खरे मध्यांतर पंधरा मिनिटांचे असते.

शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू बास्केटकडे टाकण्यासाठीची मुदत, दोन्हीकडे 30 सेकंदांची आहे, त्यामुळे एनबीए या व्यावसायिक लीगच्या तुलनेत खेळ संथ वाटतो. तो संथपणा हेतुपुरस्सर असतो. विशेषतः आयव्ही लीगमधील संघ चेंडू हातोहात फिरवत बचावातील फट शोधतात आणि ते पाहण्याची नजर बसली की हाच भाग सर्वांत गोड वाटू लागतो.

सर्वांत जास्त गोंधळ उडवतो तो फ्री थ्रोचा, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या बिनविरोध फेकीचा, हिशेब. पुरुषांच्या सामन्यात एका अर्धात प्रतिस्पर्धी संघाचे सहा फाउल होईपर्यंत साध्या (चेंडू बास्केटकडे टाकताना न झालेल्या) फाउलला फ्री थ्रो मिळत नाही, चेंडू बाजूने आत टाकला जातो. सातव्या फाउलपासून ‘वन-अँड-वन’ सुरू होते, म्हणजे पहिला फ्री थ्रो पडला तरच दुसरा मिळतो. दहाव्या फाउलपासून सरळ दोन मिळतात. महिलांच्या सामन्यात दर भागातील पाचव्या फाउलपासून दोन फ्री थ्रो दिले जातात आणि नव्या भागात मोजणी पुन्हा शून्यापासून होते. ‘मघाशी दोन दिले, आता एकच कसा?’ असे म्हणून पंचांवर खवळण्याआधी गुणफलकावरील फाउलचा आकडा पाहावा. उत्तर बहुधा तिथेच असते. दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकाच वेळी चेंडू धरला तर इथे पंच तो वर उडवून पुन्हा उडी घ्यायला लावत नाहीत, गुणलेखकांच्या टेबलावरील बाण ज्या दिशेला असेल त्या संघाला चेंडू मिळतो. आणि खेळाडू एनबीएसारखा सहाव्या नव्हे, पाचव्या फाउलला बाहेर जातो.

रंगावरून संघ ओळखणे

हार्वर्डचा रंग किरमिजी, म्हणून लाल गणवेशातील संघ हार्वर्डचा, असे समजून कॉर्नेलच्या बास्केटवर टाळ्या वाजवणारे लोक मी पाहिले आहेत. कॉर्नेलचाही रंग लालच आहे. यजमान संघ सर्वसाधारणपणे पांढऱ्या किंवा फिक्या गणवेशात असतो आणि पाहुणा गडद गणवेशात, ही साधी खूण पुरेशी आहे. कपड्यांबाबतही थोडा विचार करावा. प्रिन्स्टन आले असताना नारिंगी स्वेटर घालून विद्यार्थ्यांच्या बाकांत बसणे हा गुन्हा नाही. पण दोन तास शेजाऱ्यांच्या नजरा सोसाव्या लागतात.

जागा आणि बूट

जुन्या जिममध्ये पाठ नसलेली लांब बाके असतात. घरातील वडीलधारी मंडळी भारतातून आली असतील तर पाठ टेकता येईल अशी आसने आहेत का, आणि तिथे जाताना किती पायऱ्या चढाव्या लागतात, हे तिकीट घेतानाच विचारावे. पाहुण्या संघाच्या बाकामागच्या जागा रिकाम्या दिसतात, पण त्या बहुधा त्या खेळाडूंच्या आईवडिलांसाठी असतात. अगदी पहिल्या रांगेचा मोह होतोच. तिथे बसावेही, मात्र हातात गरम कॉफी आणि मांडीवर तान्हे मूल असताना बसू नये. बाहेर जाणारा चेंडू वाचवण्यासाठी सहा फूट सहा इंच उंचीचा खेळाडू झेप घेतो तेव्हा तो नेमका तिथेच येऊन पडतो.

बर्फातून आलेले बूट ही याहून गंभीर गोष्ट आहे. रस्त्यावर टाकलेले मीठ आणि वितळलेले पाणी बुटांना चिकटून आत येते. वाट जवळची म्हणून मेपलच्या लाकडी मैदानाच्या कोपऱ्यावरून चालत गेल्यास तिथे जो ओलावा राहतो, त्यावर धावणाऱ्या खेळाडूचा पाय घसरू शकतो. दाराशी बूट नीट पुसावेत, मैदानाच्या कडेनेच फिरून जावे आणि खेळ चालू असताना बास्केटमागून जाऊ नये. खेळात विराम मिळेपर्यंत थांबावे. बाहेर कितीही थंडी असली तरी भरलेल्या जिममध्ये उकडते, म्हणून जाड कोटाखाली हलका सदरा हवा. छोट्या छताखाली बँड आणि भोंगा यांचा आवाज फार मोठा होतो. लहान मुलांचे कान झाकण्याची सोय बरोबर ठेवावी.

आपले बोलणे कोणाला ऐकू जात नाही असे समजणे

वानखेडेवर तिसऱ्या मजल्यावरून सीमारेषेवरील क्षेत्ररक्षकाला काहीही ओरडले तरी ते गर्दीत विरून जाते. इथे फ्री थ्रोसाठी उभा असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तुमचे वाक्य शब्दन्‌शब्द ऐकतो आणि दोन रांगा मागे बसलेली त्याची आईही ऐकते. हे खेळाडू व्यावसायिक नाहीत. आयव्ही लीगमध्ये खेळासाठी शिष्यवृत्तीसुद्धा दिली जात नाही. बचावाला दाद द्यावी, पाहुण्यांच्या फ्री थ्रोच्या वेळी गलका करावा, तो खेळाचा भाग आहे. व्यक्तीवर मात्र बोलू नये. मैदानात वस्तू फेकल्यास पंच यजमान संघालाच टेक्निकल फाउल (गैरवर्तनाबद्दलचा दंड) देऊ शकतात. मराठीत मारलेला टोमणा सुरक्षित असतो, ही समजूतही बॉस्टन परिसरात तरी सोडून द्यावी.

छोटे जिम म्हणजे दुय्यम खेळ, असे मानणे

जेरेमी लिन 2006 ते 2010 या काळात याच जिममध्ये खेळला आणि पुढे एनबीएमध्ये गेला. याच लीगमधील येलने 2024च्या राष्ट्रीय स्पर्धेत तेरावे मानांकन असताना चौथ्या मानांकित ऑबर्नला 78-76 असे हरवले. शेवटच्या पाच मिनिटांत पंधरा गुणांची आघाडी पाहून गाडी पकडायला निघणाऱ्यांनी हे आठवावे. बरोबरी झाल्यास पाच मिनिटांचा जादा खेळ होतो, आणि निकाल लागला नाही तर आणखी पाच मिनिटांचा. घरी परतण्याची वेळ ठरवताना सामन्याचे दोन तास धरले असतील तर अडीच धरावेत, आणि एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का, हे दार ओलांडण्यापूर्वी विचारून घ्यावे.