नवी राणी पेटीत सोडताय? या चुका टाळा

विकत आणलेली राणी माशी दोन दिवसांत मधपेटीच्या दारात मेलेली सापडली की दोष सहसा राणी देणाऱ्यावर जातो. ‘राणीच कमजोर होती.’ कधीकधी असतेही. पण बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते राणी यायच्या आधीच. जिथे तिला सोडायचं ती पेटी खरोखर राणीविना आहे का, हे कुणी नीट पाहिलेलंच नसतं.

राणी दिसली नाही, एवढ्यावरून मागणी नोंदवणं

फ्रेम (पेटीतल्या पोळ्याच्या लाकडी चौकटी) चाळल्या, राणी सापडली नाही, अंडीही नाहीत, की लगेच नवी राणी मागवायची. ही सगळ्यात महागात पडणारी घाई. मोहोळ फुटून काही माश्या उडून गेल्या असतील, किंवा माश्यांनी स्वतःच जुनी राणी बदलायला घेतली असेल, तर पेटीत कोवळी, मिलन न झालेली राणी फिरत असू शकते. ती अंगाने बारीक आणि चपळ असते, घाईत कामकरी माशीच वाटते. ज्या मेणाच्या घरात ती वाढली त्यातून बाहेर पडल्यावर मिलन होऊन अंडी घालू लागायला तिला साधारण दोन-तीन आठवडे लागतात, हवा खराब असेल तर आणखी जास्त. त्या पेटीत विकतची राणी सोडली तर ती वाचण्याची आशा जवळजवळ नाही.

यावर उपाय साधा आहे. दुसऱ्या धडधाकट पेटीतली, ताजी अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली एक फ्रेम घ्या. तिथली राणी चुकून सोबत येऊ नये म्हणून माश्या झटका आणि फ्रेम संशयित पेटीत ठेवा. तीन-चार दिवसांनी पाहा. शेंगेसारखी खाली लोंबणारी राणीघरं, म्हणजे नवी राणी वाढवायची घरं, बांधायला घेतली असतील तर पेटीत राणी नाही. मग खुशाल राणी मागवा. काहीच बांधलं नसेल तर बहुधा राणी आत आहे, थांबा. माश्यांना हे आपल्यापेक्षा नक्की कळतं. राणीचा गंध कमी झाला की काही तासांतच त्या अस्वस्थ होतात.

नवी राणी ठेवण्याआधी ही राणीघरं मोडायची, एकही शिल्लक ठेवायचं नाही. कोपऱ्यातलं, फ्रेमच्या खालच्या कडेचं एखादं हमखास नजरेतून सुटतं. जुनी राणी तुम्हीच काढणार असाल तर काही तास ते एक दिवस एवढं अंतर पुरे.

फार उशीर झालेल्या पेटीवर राणी वाया घालवणं

पेटी कित्येक आठवडे राणीविना राहिली आणि अळ्याही संपल्या, की काही कामकरी माश्या स्वतः अंडी घालू लागतात. एका घरात तीन-चार अंडी, तीही तळाशी नाही तर भिंतीला चिकटलेली, आणि कामकरींच्या घरांवर नरांसारखी फुगीर झाकणं, ही खूण. कामकरीचं पोट आखूड, ते तळापर्यंत पोचत नाही. नवी राणीही सुरुवातीला कधीकधी एका घरात दोन अंडी घालते, पण ती तळाशी असतात. अशा पेटीत विकतची राणी क्वचितच टिकते. पेटीला दर आठवड्याला अळ्यांची एक फ्रेम देत राहा. दोन-तीन फ्रेमनंतर माश्या राणीघरं बांधू लागतील. माश्या थोड्याच उरल्या असतील तर पेटी दुसऱ्या जोरदार पेटीत मिसळून मोकळं व्हा.

खरेदीतल्या चुका

सातेरीच्या (देशी मधमाशीच्या) पेटीत मेलिफेराची (युरोपीय मधमाशीची) राणी चालत नाही, उलटही नाही, प्रजातीच वेगळ्या. राणी मिलन झालेली आणि अंडी घालत असलेली आहे ना, हे विचारून घ्या. स्वस्त मिळते म्हणून कोवळी राणी घेतली तर ती स्वीकारली जाणंही अवघड आणि पुढचं मिलनही बेभरवशाचं. पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर त्यावरून राणी कोणत्या वर्षीची ते कळतं, वर्षाचा शेवटचा आकडा पाहा. 1 किंवा 6 ला पांढरा, 2-7 पिवळा, 3-8 लाल, 4-9 हिरवा, 5-0 निळा. ठिपका असला की पुढे शोधणंही सोपं जातं.

राणी ज्या छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात येते तो आणल्यावर उन्हात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि त्या खोलीत डासांचं औषध मारू नका. जाळीवर पाण्याचा एखादा थेंब द्या.

पिंजरा कसाही खोचणं

पिंजरा अळ्यांच्या फ्रेमच्या मधोमध ठेवा, कारण तिथे अळ्यांना भरवणाऱ्या कोवळ्या दाई माश्या असतात आणि त्या राणीला सहज स्वीकारतात. जाळी पोळ्याला दाबली जाऊ नये, माश्यांना जाळीतून राणीला भरवता आलं पाहिजे. कँडीची (पिंजऱ्याच्या वाटेत भरलेल्या साखरेच्या घट्ट लगद्याची, जो माश्या खाऊन राणीला वाट करून देतात) बाजू किंचित वर ठेवा, म्हणजे राणीसोबत आत असलेली एखादी कामकरी मेली तरी वाट अडत नाही. बूच काढायचं ते कँडीच्या बाजूचं. दुसरं काढलंत तर राणी त्याच क्षणी पेटीत!

मात्र ते बूचही पहिल्या दिवशी काढू नका. दोन-तीन दिवसांनी पेटी उघडा आणि जाळीवर बसलेल्या माश्यांना बोटाने हलकेच बाजूला सारा. सहज सरकल्या, सोंडेने आत भरवताना दिसल्या, तर आता बूच काढा. पण घट्ट चिकटून बसल्या, तारा चावताहेत, बोटाने हलत नाहीत, तर त्या अजून मारायच्या बेतात आहेत. पिंजरा बंदच ठेवा, राणीघर कुठे राहिलं का ते पुन्हा शोधा आणि आणखी दोन-तीन दिवस जाऊ द्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात यापेक्षा भरवशाची दुसरी परीक्षा नाही.

सुटल्यावर रोज डोकावणं

राणी बाहेर आली की आठवडाभर पेटी बंद. सारखी उघडझाप केली तर बिथरलेल्या माश्या नव्या राणीवरच धावतात आणि तिच्याभोवती घट्ट गोळा करून तिला मारतात. असा गोळा दिसलाच तर उचलून पाण्यात टाका. माश्या सुटतात, राणी पुन्हा पिंजऱ्यात घालता येते. फुलोरा कमी असेल तर पातळ साखरपाक द्या, पण पेटीच्या आत आणि संध्याकाळी, दार लहान करून. नाहीतर शेजारच्या पेट्यांच्या माश्या लुटायला येतात.

आठवड्यानंतर राणी शोधत बसू नका. घरांच्या तळाशी एकेक उभं अंडं दिसलं की काम झालं. पेटी तापट म्हणून राणी बदलली असेल तर स्वभावातला फरक लगेच दिसणार नाही. अंड्यापासून कामकरी माशी तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात आणि ऐन हंगामात ती पाच-सहा आठवडे जगते. म्हणजे जुन्या राणीची पिल्लं दोन महिने तरी तुम्हाला डसत राहणार, तोवर नव्या राणीबद्दल मत बनवू नका.