खानदेशातून बीएस्सी ॲग्री करायचं आहे? मग अकरावीपासून लागा

जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणजे 'उमवि' आहे, खानदेशच्या तिन्ही जिल्ह्यांतली बहुतेक कॉलेजं त्याला जोडलेली आहेत, तरी बीएस्सी ॲग्रीची पदवी ते देत नाही. दरवर्षी कितीतरी पालक 'उमवि'च्या वेबसाइटवर कृषी शोधत बसतात. कृषी शिक्षणाचा कारभार वेगळा आहे. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. कॉलेज धुळ्यात असो वा शहाद्यात, अभ्यासक्रम आणि पदवी राहुरीची.

आणखी एक गोष्ट घरात आधीच सांगून ठेवा. हा कोर्स चार वर्षांचा, आठ सत्रांचा आहे. साधी बीएस्सी करणारा चुलतभाऊ तीन वर्षांत मोकळा झालेला दिसतो, आणि मग शेवटच्या वर्षी 'तुझं अजून किती राहिलं?' सुरू होतं.

अकरावी: शाखा आणि ग्रुप

विज्ञान शाखा हवी. फिजिक्स आणि केमिस्ट्री हवेतच. सोबत बायोलॉजी किंवा गणित, दोन्हीपैकी कुठल्याही ग्रुपवर कृषीला जाता येतं. 'ॲग्रीला बायोच लागतं' हे गावोगाव ऐकू येतं, ते खरं नाही. गणितवाल्यांना पहिल्या वर्षी प्राथमिक जीवशास्त्र शिकवतात आणि बायोवाल्यांना प्राथमिक गणित. ज्या विषयात गती आहे तो घ्या. बी-टेक कृषी अभियांत्रिकीचा विचार असेल तर मात्र गणित सोडू नका.

कागदपत्रं: अभ्यासाइतकंच हेही मनावर घ्या

माझ्या मते खानदेशातल्या मुलांच्या जागा अभ्यासापेक्षा कागदांपायी जास्त जातात. सगळ्यात वेळखाऊ आहे जात वैधता प्रमाणपत्र. अकरावीतच कॉलेजमार्फत अर्ज करा. पडताळणी समिती आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जुन्या नोंदी मागते, आणि त्या गोळा करायला कधी मूळ गावच्या शाळेत, कधी तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये चकरा होतात. नंदुरबार, शिरपूर, चोपडा, यावल भागातल्या आदिवासी मुलांसाठी तर हा कागद म्हणजे जवळजवळ प्रवेशच. जातीचा दाखला आणि वैधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं घरच्यांना नीट समजावा.

दुसरा कागद सातबारा. शेतजमीन असलेल्या कुटुंबातल्या मुलांना कृषी प्रवेशात गुणांचा अधिभार, म्हणजे जास्तीचे गुण, मिळत आला आहे. पण आपल्याकडे जमीन वडिलांच्या नावावर असतेच असं नाही. आजोबा जाऊन काही वर्षं झालेली, वारस लावलेले नाहीत, सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव, असं घरोघरी सापडतं. अधिभारासाठी जो दाखला लागतो त्याचा नमुना प्रवेशाच्या माहिती पुस्तिकेच्या शेवटी असतो. तो छापून घ्या, तलाठी आप्पांना दाखवा आणि फेरफार राहिला असेल तर बारावीच्या दिवाळीआधी उरकून टाका. जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग लागते तेव्हा कोणी कोणाचं ऐकत नाही.

उरलेले म्हणजे अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तसं नॉन-क्रिमिलेअर किंवा ईडब्ल्यूएस. आणि आधार, दहावीचं मार्कशीट, बँकेचं पासबुक या तिन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते आजच बघा.

सीईटी

प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो. परीक्षा राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष घेतो, संगणकावर. पेपर दोनशे गुणांचा: फिजिक्स आणि केमिस्ट्री प्रत्येकी ५०, आणि बायो किंवा गणित १००. अभ्यासक्रमात बारावीला साधारण ८० टक्के वजन, अकरावीला २०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडून उठायचं नाही. गावाकडच्या मुलांची अडचण विषयापेक्षा संगणकाची असते. दीड-दीड तासाच्या दोन भागांत एकामागून एक प्रश्न स्क्रीनवर सोडवायची सवय लागते. मोबाइलवर सराव करून ती येत नाही. तालुक्याच्या एखाद्या कॉम्प्युटर क्लासमध्ये बसून पूर्ण वेळाचे सराव पेपर द्या.

नुसती सीईटी देऊन भागत नाही. निकालानंतर कृषीच्या केंद्रीभूत प्रवेशासाठी वेगळी नोंदणी करावी लागते. ती इंजिनिअरिंग-फार्मसीच्या नोंदणीत आपोआप होत नाही.

सीयूईटी, म्हणजे देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा, हा दुसरा दरवाजा आहे, आपल्याकडे फारसा कोणी तो ठोठावत नाही. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कोट्यातून देशभरातल्या कृषी विद्यापीठांत काही जागा भरल्या जातात, त्या या परीक्षेवर. नवापूरच्या मुलाला गुजरातचं नवसारी कृषी विद्यापीठ राहुरीपेक्षा जवळ पडतं, आणि तिथे जायची सरळ वाट हीच.

कॉलेज निवडताना

धुळ्याचं शासकीय कृषी महाविद्यालय १९६० सालचं, म्हणजे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरी विद्यापीठापेक्षाही जुनं. मुक्ताईनगर आणि नंदुरबारलाही विद्यापीठाची स्वतःची महाविद्यालयं आहेत. त्याशिवाय जळगाव, शहादा परिसरात खासगी संलग्न महाविद्यालयं आहेत. पसंतीक्रम भरताना शासकीय आधी, मग खासगी, हा ढोबळ नियम बरोबर आहे. फी आणि प्रक्षेत्र (कॉलेजचं शेत) दोन्हींसाठी. पण घराजवळचं कमकुवत खासगी कॉलेज की कोल्हापूर-पुण्याचं शासकीय, असा प्रश्न आला तर मी लांबचं भरायला सांगेन. आईला वाईट वाटेल, पण रोज डबा घेऊन एसटीने ये-जा करणारा मुलगा सकाळच्या प्रक्षेत्राच्या तासाला हमखास उशिरा पोचतो.

खासगी कॉलेजात प्रवेश घेण्याआधी एक चक्कर मारा. ऑफिसात माहितीपत्रक घ्या आणि सरळ मागच्या बाजूला चालत जा. जमीन किती, विहिरीला पाणी आहे का, शेडनेटमध्ये रोपं आहेत की गवत वाढलंय, गोठ्यात जनावरं आहेत का, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेतली उपकरणं वापरात आहेत की प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, हे अर्ध्या तासात कळतं. मग विचारा, कीटकशास्त्र, वनस्पती रोगशास्त्र, मृदा शास्त्राला कायम शिक्षक कोण आहेत. आणि शेवटी कृषी संशोधन परिषदेची अधिस्वीकृती आहे का, ते लेखी दाखवायला सांगा. ती नसेल तर पुढे परिषदेच्या एमएस्सी प्रवेश परीक्षेला अडचण येते, आणि ते चौथ्या वर्षी कळून उपयोग नसतो.

पैशाचं गणित

शिष्यवृत्तीचे अर्ज शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर, आणि दरवर्षी नव्याने. पहिल्या वर्षी भरला आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरला, की फीचा बोजा बापावर. मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने मोठी सोय झाली आहे: कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. कृषी त्यात आहे. अट एवढीच की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही माफी नाही. अल्पभूधारक किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आदिवासी मुलाला शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 'स्वयम्' योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम खात्यावर येते.

पहिली तीन वर्षं

शिकवणं आणि पेपर इंग्रजीत. पहिल्या सत्रात मराठी माध्यमाची मुलं गप्प गप्प असतात. यावर एकच उपाय चाललेला पाहिलाय: प्रत्येक विषयाच्या शंभरेक संज्ञा वहीत इंग्रजी-मराठी समोरासमोर लिहायच्या. अर्धं तर आपल्याला घरूनच माहीत असतं, फक्त नाव वेगळं असतं.

घरचं शेत वापरा. कीटकशास्त्रात किडे पकडून टाचण्या टोचून पेटी भरून द्यावी लागते, कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवून. बरीच मुलं सिनिअरची जुनी पेटी आणून नावाची चिठ्ठी बदलतात. त्यापेक्षा आपल्या कपाशीत उतरा. जे फूल उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलंय ती डोमकळी. पाकळ्या सोडवल्या की आत गुलाबी बोंडअळी सापडते. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन दिवस रोज आठ पतंग लागले की आर्थिक नुकसानीची पातळी आली, म्हणजे आता उपाय करायलाच हवा, हे वाक्य पाठ करणं वेगळं आणि पहाटे सापळा उघडून पतंग मोजणं वेगळं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांना हा फरक दोन प्रश्नांत कळतो.

पीक उत्पादनाच्या प्रात्यक्षिकात वाट्याला छोटा प्लॉट येतो. पेरणी, विरळणी, खुरपणी, खतं, काढणी आणि शेवटी हिशोब. मजुराला पैसे देऊन तो उरकू नका.

शेवटचं वर्ष: गावात मुक्काम

ग्रामीण कृषी कार्यानुभव, म्हणजेच 'रावे'. पेपरात 'कृषिकन्यांनी दाखवले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक' अशी फोटोसहित बातमी येते ना, ती हीच मुलं. मुलगे असले की कृषिदूत. बरेच जण फोटोपुरतं गावात जातात. ही चूक करू नका, कारण सबंध पदवीत खरा कस इथेच लागतो.

पहिल्या दिवशी व्ही आकाराचा खड्डा करून मातीचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवायला जाल. रावेर-यावलकडे असाल तर केळीवाले आप्पा शांतपणे ऐकतील आणि म्हणतील, "माती राहू दे भाऊ, हरण्यावर कोन्ती फवारनी मारू ते सांग मले." हरण्या म्हणजे सीएमव्ही, कुकुंबर मोझॅक विषाणू. त्यावर औषध नाही. पट्टे पडलेली झाडं उपटून नष्ट करायची, मावा आवरायचा, केळीत किंवा बाजूला काकडीवर्गीय पिकं घ्यायची नाहीत. आप्पांना हे आवडणार नाही, कारण दुकानदाराने त्यांना तीन बाटल्या दिलेल्या असतात. तिथे बाटलीवरचं लेबल वाचून दाखवा, कुठलं औषध कुठल्या पिकावर कुठल्या किडीला शिफारस केलेलं आहे ते. हे न चिडता, न शिकवल्यासारखं करता सांगता आलं, तर मुलाखतीत विस्तार शिक्षणावरचा (शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवण्याच्या विषयावरचा) कुठलाही प्रश्न जड जात नाही.

याच काळात निमखेडीचं केळी संशोधन केंद्र, पाल किंवा ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र, नंदुरबारकडे असाल तर कोळद्याचं, इथे ओळखी करून ठेवा.

पदवीनंतर

एमपीएससीची कृषी सेवा, बँकांमधली कृषी क्षेत्र अधिकारी पदं, नाबार्ड, एमएस्सी या वाटा सगळ्यांना ठाऊक आहेत आणि गर्दीही तिथेच. स्वतःचं कृषी केंद्र काढायचं असेल तर कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी हीच पदवी चालते. पदवी नसलेल्या दुकानदारांसाठी वर्षभराचा 'देसी' हा कृषी निविष्ठा (बियाणं, खतं, औषधं) विक्रेत्यांचा पदविका अभ्यासक्रम असतो. २००२ पासून चालू असलेली ॲग्री-क्लिनिक योजनाही बघा: ४५ दिवसांचं मोफत निवासी प्रशिक्षण, नंतर बँक कर्ज आणि त्यावर अनुदान, सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के. माती परीक्षण, रोपवाटिका, अवजारं भाड्याने देणं, सगळं त्यात बसतं.

कॉलेज सोडताना तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र, टीसी, मायग्रेशन आणि ट्रान्सक्रिप्टच्या तीन-चार प्रती एकदमच काढून घ्या. नंतर एका सहीसाठी राहुरीची गाडी धरावी लागते.