नगरसेवकांनो, या चुका टाळा

सांगली, मिरज आणि कुपवाड शहरांची महापालिका 1998 मध्ये झाली, तेव्हा नागरिक गाऱ्हाणे घेऊन नगरसेवकाच्या दारात येत असत. आता ते व्हॉट्सॲपवर येते, परंतु ते हाताळण्याची रीत फारशी बदललेली नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तक्रार तोंडी निकालात काढणे. तुंबलेल्या चेंबरचा फोटो सकाळी ग्रुपवर पडतो, नगरसेवक मुकादमाला फोन करतो, गाडी येऊन पाणी काढते आणि पंधरा दिवसांत तोच चेंबर पुन्हा तुंबतो. नोंद नसल्यामुळे वर्षभरात तिथे किती वेळा गाडी पाठवावी लागली हे कोणालाच दाखवता येत नाही, आणि अंदाजपत्रकाच्या सभेत नवी सांडपाणी वाहिनी मागताना हाती आवाज चढवण्यापलीकडे काही उरत नाही. फोन जरूर करावा, पण आधी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक, तारीख, जागा आणि केलेले काम साध्या वहीत टिपावे.

एका प्रभागात बहुधा चार सदस्य असल्याने ही वही चौघांची एकच हवी. अन्यथा एका रस्त्यासाठी दोन पत्रे जातात आणि शेजारच्या गल्लीकडे कोणीच फिरकत नाही. (निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यांचा फोन पतिराजांनी उचलण्याची प्रथाही आता पुरे झाली.)

दाखल्यांसाठी शब्द टाकत बसू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत आणि अपिलाची सोय दिली आहे, तेव्हा अर्ज भरून पोच हाती देणे पुरेसे असते.

पावसाळ्यात मात्र चुकीची किंमत वेगळी असते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट आहे; 2019 मध्ये पाणी 57 फुटांपलीकडे गेले होते. अशा वेळी तारीख-वेळ नसलेला जुना संदेश पुढे पाठवला, तर सूर्यवंशी प्लॉटसारख्या पूरपट्ट्यातील वस्तीतले कुटुंब एक तर विनाकारण घर सोडते किंवा खऱ्या इशाऱ्यावरही विश्वास ठेवत नाही. पुरासाठी केवळ ॲडमिनच लिहू शकतील असा स्वतंत्र ग्रुप ठेवावा, प्रत्येक संदेशात पातळी, मोजणीची वेळ आणि पुढील माहिती कधी मिळेल ते लिहावे. अंथरुणाला खिळलेले वृद्ध आणि गोठ्यातील जनावरे यांची यादी मे महिन्यातच घरोघरी फिरून करावी, कारण पाणी गल्लीत शिरल्यावर ती करायला कोणी मोकळे नसते.