इंग्रजी स्पेलिंग पाठ होत नाही? आधी ते मराठीसारखं वाचा

आमच्याकडे दापोलीला संध्याकाळी पडवीत सहावी-सातवीची पोरं शिकवणीला बसतात आणि दरवर्षी कोणीतरी नवं पोर के-एन-डबल ई ला "क्नी" वाचतंच. त्याला हसू नका. मी लहानपणी असंच वाचलं तेव्हा हातावर पट्टी बसली होती, आणि खूप वर्षांनी कळलं की पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात लोक खरंच क्नी म्हणायचे. तेव्हापासून मी स्पेलिंग अशीच शिकवतो, घरी करून बघा.

पोराला सांगायचं, ए दिसला की आ म्हण, ई ला ए, आय ला ई, ओ ला ओ, यू ला ऊ, अगदी आपल्या बाराखडीतल्यासारखं. मग एन-ए-एम-ई लिहून द्या. "नामे" वाचेल. बरोबर आहे! 1400 च्या सुमाराला हा शब्द जवळजवळ "नाम" असाच बोलला जायचा, शेवटी किंचित अ लागायचा एवढंच, आणि आपल्या नाम शब्दाशी त्याचं मुळातलं नातंसुद्धा आहे. तसंच टाइम होता टीम, फीट होतं फेट, मून होता मोन, हाउस होतं हूस (ओ-यू लिहून ऊ म्हणायची ही फ्रेंच सवय).

मग झालं काय, तर साधारण 1400 ते 1700 या काळात सगळे लांब स्वर तोंडात वर सरकले. मी पाटीवर माड काढतो. माडाला पाडलेल्या खाचांवरून माणूस चढतो तसा आ चढून ए झाला, ए चा ई, ओ चा ऊ, आणि जे ई आणि ऊ आधीच शेंड्याला होते त्यांना वर जागाच नाही, म्हणून ते फुटून आय आणि आउ झाले. याला ग्रेट व्हॉवेल शिफ्ट म्हणतात. माडाचं चित्र एकदा डोक्यात बसलं की पोरं स्वतःच नवे शब्द चढवून बघतात, ते बघायला मला फार आवडतं.

आता स्पेलिंग का नाही बदललं? कारण मध्येच छापखाना आला. इंग्लंडातला पहिला छापखानेवाला कॅक्स्टन, त्याने 1476 ला लंडनजवळच्या वेस्टमिन्स्टरला छपाई सुरू केली, आणि 1650 पर्यंत छापील स्पेलिंगं बरीचशी ठरून गेली, पण तोंडातले आवाज मात्र अजून सरकतच होते. एस-ई-ए म्हणजे समुद्र, तो तेव्हा बरेच जण "से" म्हणायचे. ई-ए वाले बहुतेक शब्द पुढे ई झाले, ग्रेट, ब्रेक, स्टेक हे मागेच राहिले, म्हणून ते तिन्ही एकत्र पाठ करून घ्या. नाइटमधला जी-एच म्हणजे घसा खरवडून काढलेला ख होता, तोसुद्धा याच काळात गेला.

एक सांभाळा, प्रत्येक मुकं अक्षर जुन्या उच्चारातलं नसतं. डेट म्हणजे कर्ज, त्यातला बी लॅटिन डेबिटम बघून विद्वानांनी घुसवला, आणि आयलंड म्हणजे आपलं बेट, त्यातला एस तर आइल या वेगळ्याच शब्दाशी गल्लत होऊन आला. असे शब्द वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहायचे.

जुनं इंग्रजी वाचायला घेतलंत तर दाउ म्हणजे तू, दी म्हणजे तुला, आणि यू म्हणजे तुम्ही. मराठी पोराला हे एका मिनिटात कळतं. पुढे त्यांचा तू बोलण्यातून जवळपास गेलाच आणि आईपासून साहेबापर्यंत सगळ्यांना यू उरलं.

आणि हे सगळं लांबचं वाटत असेल तर पोरांना राजापूरची वखार सांगा, 1661 ला महाराजांनी लुटली ती. तिथले इंग्रज बोलत होते ते हेच मध्येच बदलत असलेलं इंग्रजी, आणि त्याच शतकात आपल्याकडचे शब्दही त्यात शिरत होते. शेवटचा गृहपाठ मी नेहमी एकच देतो: परड्यात साप मारणाऱ्या प्राण्याचं इंग्रजी नाव शोधा आणि मराठी नावाशेजारी लिहा. दुसऱ्या दिवशी पोरं ओरडतच पडवीत येतात, "मुंगूस आपलाच आहे!"