छोट्या वाफेच्या बॉयलरची चाचणी आणि प्रमाणपत्र

उघड्या भांड्यात १०० अंशांना उकळणारे पाणी ५ बार दाबाच्या बॉयलरमध्ये सुमारे १५९ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेले असते. भिंत फाटून दाब एकदम सुटला, तर त्या पाण्याचा साधारण नववा हिस्सा तत्काळ वाफ होतो. किलोभर पाण्यातून निघणारी ही वाफ सुमारे १८५ लिटर जागा घेते. छंद म्हणून बनवलेल्या, टेबलावर मावणाऱ्या बॉयलरचीही रीतसर चाचणी करायची ती या साठलेल्या ऊर्जेमुळे.

चाचण्या दोन असतात. थंड पाण्याच्या दाबाने भिंती, सांधे आणि स्टे (सपाट पत्र्यांना धरून ठेवणाऱ्या सळया) टिकतात का ते कळते. वाफेच्या चाचणीत सेफ्टी व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारी झडप), वॉटर गेज (पाण्याची पातळी दाखवणारी काच) आणि पाणी भरण्याची साधने काम करतात का ते कळते. एक केली म्हणून दुसरी टाळता येत नाही, आणि पाण्याची चाचणी नेहमी आधी.

नवखा माणूस पाण्याच्या चाचणीत गळती शोधत बसतो. गळती मात्र आपोआप दिसते आणि बहुतेक वेळा दुरुस्तही होते. खरी नजर ठेवायची ती आकारावर. दाब काढल्यावर पत्रा जिथल्या तिथे परत आला का, हा या चाचणीतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे.

आधी आकडेमोड

चाचणीत टिकला म्हणून आराखडा बरोबर होता असे सिद्ध होत नाही, त्यामुळे हिशेब पंपाला हात लावण्याआधी करायचा. गोल शेलची (बाहेरच्या नळीची) जाडी = दाब × व्यास ÷ (२ × परवानगीचा ताण). तांब्यासाठी हा ताण २० न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आसपास धरतात. डाग देताना (सिल्व्हर सोल्डरने सांधे जोडताना) तांबे लालबुंद तापून मऊ पडलेले असते, म्हणून आकडा इतका खाली. १०० मिमी व्यास आणि ६ बार, म्हणजे ०.६ न्यूटन प्रति चौरस मिमी, यासाठी उत्तर येते १.५ मिमी. नळी अखंड नसून पत्रा वळवून जोडलेली असेल, तर सांध्याची कार्यक्षमता ०.८ धरा, मग १.८८, म्हणजे २ मिमी पत्रा घ्यावा.

गोल शेल सहसा दगा देत नाही. अडचण सपाट पत्र्यांची असते: फायरबॉक्सच्या (आग पेटते त्या पेटीच्या) बाजू, क्राउन (तिचे छत), ट्यूब प्लेटचा (नळ्यांची टोके बसवलेल्या पत्र्याचा) नळ्या नसलेला भाग. स्टे २० मिमी अंतरावर असतील तर प्रत्येक स्टे ४०० चौरस मिमी पत्रा धरतो. ६ बारला त्यावर २४० न्यूटन ओढ येते. ४ मिमी साध्या तांब्याच्या सळईचे क्षेत्रफळ १२.६ चौरस मिमी, म्हणजे ताण १९. जेमतेम बसला. तेच अंतर २५ मिमी केले की ताण ३० होतो. ‘पाच मिमीने काय बिघडते’ म्हणून स्टे वाचवणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा. स्टेला आटे पाडले असतील तर क्षेत्रफळ आट्याच्या तळाच्या व्यासावरून काढा.

पंप लावण्याआधीची पाहणी

फायरबॉक्सच्या बाजूचे स्टे आणि आतले सांधे खालची फाउंडेशन रिंग (फायरबॉक्सभोवतीची तळाची फट बंद करणारी कडी) बसवण्याआधीच तपासणाऱ्याला दाखवा. एकदा बंद झाले की आतून डाग आरपार गेला आहे का हे कुणालाच पाहता येत नाही. सिल्व्हर सोल्डर ज्या बाजूने लावले, त्याच्या विरुद्ध बाजूला चकचकीत गोलाई दिसली तर तो भरला आहे. सांध्यातली फट ०.०५ ते ०.१५ मिमी असावी. त्याहून मोठी फट भरल्यासारखी दिसते, पण ताकद धरत नाही.

बुश (फिटिंग्ज बसवायची आटे पाडलेली तोंडे) कांशाचे किंवा गनमेटलचे हवेत. पितळातले जस्त गरम पाण्यात हळूहळू निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. असा बुश वर्षानुवर्षे चांगला दिसतो आणि एके दिवशी आट्यांसकट बाहेर येतो. कथील-शिशाचे मऊ सोल्डर १८३ अंशांना वितळू लागते, आणि ७ बारची वाफच १७० अंशांची असते. भार घेणाऱ्या सांध्यात ते दिसले, तर तो बॉयलर चाचणीला घेऊच नये.

पाण्याची चाचणी

हवेने चाचणी कधीही करू नका. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी थोडे पाणी उडून दाब शून्यावर येतो. दाबलेली हवा मात्र तुकडे फेकते. याच कारणाने पाण्यात हवेचा बुडबुडाही ठेवायचा नाही.

लागणारे साहित्य थोडेच: लहान व्यासाचा हातपंप, प्रत्येक बुशासाठी प्लग आणि तांब्याचे किंवा फायबरचे वॉशर, पंप आणि बॉयलर यांच्यामध्ये बंद करता येणारा व्हॉल्व्ह, आणि अलीकडे पडताळून घेतलेला मोठ्या तबकडीचा दाबाचा गेज. १२ बारची चाचणी असेल तर ० ते २० बारचा गेज घ्या. ० ते ६० बारच्या गेजवर अर्ध्या बारची घसरण दिसणारच नाही. गेज पंपावर नको, बॉयलरवरच लावा. मधला व्हॉल्व्ह विसरू नका: पंपाचा क्लॅक व्हॉल्व्ह (पाणी उलट येऊ न देणारी झडप) परत गळत असेल तर काटा खाली येतो आणि दोष बॉयलरवर जातो.

बॉयलर उघडा हवा, त्यावर लॅगिंग (उष्णता राखणारे वेष्टन) किंवा आवरण नको. सर्वांत उंच बुश उघडा ठेवून पाणी भरा, बॉयलर सगळ्या बाजूंनी तिरपा करा, हलके ठोका, आणि पाणी काठोकाठ आल्यावरच प्लग बसवा. पाणी खोलीच्या तापमानाचे घ्या. फार थंड असेल तर बाहेरून दव धरते आणि सगळीकडे गळती असल्यासारखे दिसते. भरलेल्या बॉयलरवर ऊन येऊ देऊ नका. बंदिस्त पाण्याचे तापमान अंशभर बदलले तरी काटा ठळक हलतो. भरून झाल्यावर बाहेरून कोरडा पुसा आणि सांध्यांवर खडूची भुकटी लावा. ओल आली की तिथे लगेच डाग उमटतो.

आता मोजमाप. सपाट पत्र्यांवर स्टेच्या मधोमध खुणा करा, सरळपट्टी किंवा डायल इंडिकेटर लावून सुरुवातीचे आकडे लिहून ठेवा. मग दाब टप्प्याने वाढवा: कामाच्या दाबाच्या निम्मा, मग पूर्ण, मग दीडपट, शेवटी दुप्पट. प्रत्येक टप्प्यावर थांबा, मोजा, आरसा आणि टॉर्चने फायरबॉक्समध्ये नळ्यांची टोके पाहा. दुप्पट दाबाला मधला व्हॉल्व्ह बंद करून किमान १० मिनिटे ठेवा, मग दाब पूर्ण उतरवून पुन्हा मोजा.

नव्या तांब्याच्या बॉयलरमध्ये पहिल्या वेळी सपाट पत्रा किंचित सरकून राहतो. मऊ तांबे आपली जागा घेते. म्हणून हीच फेरी पुन्हा करा. दुसऱ्या फेरीनंतर आकडे तेच राहिले तर ठीक. पुन्हा वाढले, म्हणजे पत्रा अजून ताणला जातो आहे: स्टे कमी आहेत, बारीक आहेत किंवा एखाद्याचा डाग सुटला आहे. एकाच ठिकाणी फुगवटा आला तर त्याच्या अगदी जवळचा स्टे तपासा. सुटलेल्या स्टेचा भार शेजाऱ्यांवर जातो, आणि तेही मग ओळीने सुटू शकतात. असा बॉयलर ‘गळत तर नाही ना’ म्हणून पास करू नये.

दाब वाढवताना पंपाचा प्रतिकार एकदम कमी झाला, म्हणजे दांडा दाबूनही काटा पुढे जाईना, तर थांबा. काहीतरी ताणले जात असते.

गळती सापडली तर आधी प्लगचे वॉशर पाहा. पुष्कळदा दोष तिथेच निघतो. सांधा झिरपत असेल तर पाणी काढून बॉयलर पूर्ण वाळवा, आम्लात स्वच्छ करा, आणि कमी तापमानाला वितळणारे सिल्व्हर सोल्डर वापरा, नाहीतर आधीचे सांधे सुटतील. तापवताना सगळे बुश उघडे ठेवा. आत राहिलेल्या चमचाभर पाण्यानेही बंद बॉयलर फुटू शकतो. छिद्र हातोडीने ठोकून किंवा वरून मऊ सोल्डर फासून बुजवणे ही दुरुस्ती नव्हे. दुरुस्तीनंतर चाचणी पहिल्यापासून.

दुप्पट दाबाची ही चाचणी, वरच्या दोन्ही फेऱ्यांसह, एकदाच, नव्या बॉयलरला किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर. पुढच्या नियमित चाचण्या दीडपट दाबाने घेतात. मऊ तांब्याला दरवेळी दुप्पट ताण दिला तर चाचणीच त्याला थकवते.

वाफेची चाचणी

सगळी फिटिंग्ज लावून, मोकळ्या जागी, डोळ्यांवर चष्मा आणि वॉटर गेजच्या काचेभोवती संरक्षक पट्टी असताना सुरू करा. बॉयलरचा स्वतःचा गेज पडताळलेल्या गेजशी जुळवून घ्या. त्यावर कामाच्या दाबाला लाल रेघ हवी, आणि वाफ थेट आत जाऊ नये म्हणून त्याच्या नळीला वळसा हवा.

वॉटर गेजची शंका सर्वांत आधी फेडा. काचेत दिसणारी सर्वांत खालची पातळीसुद्धा फायरबॉक्सच्या क्राउनच्या वर असली पाहिजे. क्राउन उघडा पडला की तांब्याला थंड ठेवणारे पाणीच उरत नाही, ते मऊ पडते आणि कामाच्याच दाबाखाली आत दबते. खालचा कॉक उघडून काच रिकामी करा. बंद करताच पाणी लगेच परत चढायला हवे. वरची वाफेची वाट तुंबली तर काचेतली वाफ थंड होऊन पाणी वर खेचले जाते आणि बॉयलर भरलेला दिसतो. चालू बॉयलरमध्ये पातळी हलत असते. अगदी स्थिर पातळी दिसली तर संशय घ्या. अरुंद काचेत पाणी केशाकर्षणाने वर चढलेले दिसते, तेवढी सूट धरा.

पाणी भरण्याची साधने पूर्ण दाबाला चालवून पाहा. दोन स्वतंत्र साधने असतील आणि त्यांतले एक इंजिन थांबलेले असतानाही चालेल, तर उत्तम. त्यासाठी साधा हातपंप पुरतो.

शेवटी मुख्य कसोटी. पाणी अर्ध्या काचेला, आग पूर्ण पेटलेली, ब्लोअर (आगीची ओढ वाढवणारा वाफेचा झोत) पूर्ण उघडा, रेग्युलेटर (इंजिनाला वाफ सोडणारा व्हॉल्व्ह) बंद. गॅस किंवा स्पिरिटवरच्या बॉयलरला बर्नर पूर्ण. सेफ्टी व्हॉल्व्ह कामाच्या दाबाला उघडला पाहिजे, आणि त्यानंतर दाब १० टक्क्यांपेक्षा जास्त चढता कामा नये. ६ बारच्या बॉयलरला मर्यादा ६.६. काटा तिथे पोचून वर जातच राहिला तर ब्लोअर बंद करा, हातपंपाने थंड पाणी घाला, आग काढा किंवा बर्नर बंद करा. व्हॉल्व्हच्या तोंडावर हात किंवा तोंड नेऊ नका.

यात नापास होण्याची कारणे ठरावीक आहेत: वाफेचा मार्ग अरुंद, स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना टेकल्याने व्हॉल्व्ह पुरेसा उचलत नाही, किंवा गोळी बैठकीला चिकटते. उपाय म्हणजे मोठा व्हॉल्व्ह किंवा दुसरा व्हॉल्व्ह. आग मंद ठेवून चाचणी पार पाडली तर ती चाचणी झालीच नाही.

प्रमाणपत्र

बॉयलरवर ठोकलेला क्रमांक नसेल तर प्रमाणपत्राला अर्थ नाही. कागद कोणत्या बॉयलरचा हे कसे सांगणार? त्यावर हा क्रमांक, धातू, आकारमान, कामाचा दाब, चाचणीचा दाब, दोन्ही तारखा, मुदत आणि तपासणाऱ्याची सही हवी. स्वतः बनवलेला बॉयलर स्वतः तपासायचा नाही.

ब्रिटनमधल्या छंदी संस्थांची नियमावली दाब आणि आकारमान यांच्या गुणाकारावर चालते: २ लिटरचा बॉयलर ६ बारला म्हणजे १२ बार-लिटर. ३ बार-लिटरच्या खाली नियम सोपे आहेत, वरची मर्यादा १,१०० बार-लिटर. तिथे तांब्याच्या बॉयलरचे पाण्याच्या चाचणीचे प्रमाणपत्र ४ वर्षे आणि वाफेचे १४ महिने चालते. युरोपात विक्रीसाठीच्या, आगीवर तापणाऱ्या आणि ११० अंशांपेक्षा जास्त तापमानाला चालणाऱ्या २ लिटरहून मोठ्या बॉयलरला सीई खूण लागते. भारतीय कायद्याच्या बॉयलरच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचे पात्र येत नाही, म्हणजे छंदातल्या बहुतेक बॉयलरकडे सरकारी निरीक्षक येणार नाही. त्यामुळे अनुभवी, त्रयस्थ माणसाकडून वरची पूर्ण चाचणी करून घेणे मालकावर येते.

मुदत संपण्याआधीही प्रमाणपत्र रद्द होते: सांध्याला पुन्हा डाग दिला, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला किंवा त्याचा दाब हलवला, नवीन बुश घातला, किंवा पाणी संपून क्राउन तापला. शेवटच्या प्रकारात वाफेची चाचणी पुरेशी नाही. पाण्याच्या चाचणीपासून सुरुवात करा आणि क्राउनचे आकडे जुन्या नोंदींशी ताडून पाहा.