नोकरी सांभाळून बीएस्सी करायची आहे? विद्यापीठ निवडताना या चुका टाळा

नवी मुंबईत रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांत बारावी सायन्सवर चिकटलेले आणि पस्तिशी-चाळिशीत पदवीचं मनावर घेणारे बरेच जण असतात. मुलं जरा मोठी झाल्यावर पुन्हा शिकू पाहणाऱ्या गृहिणीही असतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, 'कुठलं विद्यापीठ चांगलं?' विज्ञानाच्या पदवीसाठी सुरुवात इथून करू नका. बीए-बीकॉमचं पुस्तक ट्रान्स-हार्बरच्या गाडीत वाचून होतं, बीएस्सीचं घोडं प्रॅक्टिकलला अडतं. म्हणून आधी विचारायचं ते प्रयोगशाळा कुठे, कुठल्या वारी आणि किती वाजता. नाव नंतर.

प्रॅक्टिकलचं वेळापत्रक न बघता फी भरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ठाण्यात चेंदणीचं बांदोडकर कॉलेज, वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील, नेरूळचं एसआयईएस ही सगळी मुंबई विद्यापीठाची कॉलेजं. बाळकूमला विद्यापीठाचं उपकेंद्र आहे म्हणून काहीजण थेट तिकडे चौकशीला जातात, पण नियमित बीएस्सी करायची ती संलग्न कॉलेजातच. तिथे ७५ टक्के हजेरीचा नियम आहे आणि प्रॅक्टिकल कामाच्या दिवशी, दिवसाउजेडी असतात. 'हजेरीचं बघून घेऊ' हा हिशेब विज्ञानात चालत नाही. जर्नलवर, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीवर, सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत. ज्यांची कायम रात्रपाळी आहे किंवा ज्यांना नोकरी सोडता येते, त्यांनीच या वाटेला जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. फिरती शिफ्ट असेल तर विसरा.

मग उरतात मुक्त विद्यापीठं. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५चं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चं. इग्नूला वयाची वरची मर्यादा नाही. तीन वर्षांची बीएस्सी सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, आणि नोकरदाराला ही सवलत सोन्यासारखी आहे. पण 'घरबसल्या बीएस्सी' असं कोणी म्हणालं तर कान टवकारा. थिअरी घरी होते, लॅब होत नाही. इग्नूच्या हिशेबात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास, म्हणजे दोन क्रेडिटच्या लॅबला साठ तास. त्यातून लिखाणाचे तास वजा केले तरी एका लॅबपायी रजेचा एक आठवडा सहज जातो, आणि रसायन, वनस्पती, प्राणी असा गट घेतलात तर अशा लॅब तीन. गणित घेतलं की एक लॅब वाचते. आवड नसताना फक्त रजा वाचवायला गणित घेणं मात्र नवं दुखणं विकत घेणं आहे.

विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर नुसता फोन न करता स्वतः जा आणि तीन गोष्टी विचारा. हे केंद्र बीएस्सीसाठी चालू आहे का? केंद्र बीएचं असतं, बीएस्सीचं नसतं, असंही होतं. माझ्या विषयांच्या लॅब इथेच होतात की दुसरीकडे पाठवता? आणि गेल्या वर्षीची लॅबची बॅच कुठल्या महिन्यात झाली? तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं तर दुसरं केंद्र बघा, मग ते कल्याणला असलं तरी चालेल. घराजवळचं पण लॅब न घेणारं केंद्र काय कामाचं?

'कुठलीही बीएस्सी चालेल' असं धरून चालणं

पदवी कशासाठी हवी ते ठरल्याशिवाय विद्यापीठ ठरत नाही. औषध कंपनीत अ‍ॅप्रूव्ह्ड केमिस्ट, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) मान्यता असलेला केमिस्ट, व्हायचं असेल तर औषध नियमांनुसार रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेली पदवी लागते, आणि त्यावर अनुभवही. आयटीची बीएस्सी तिथे उपयोगाची नाही. एमएस्सी करायची असेल तरी मुख्य विषयाचा प्रश्न येतोच. बढतीसाठी करत असाल तर एचआरकडून आधी एक मेल घ्या की मुक्त विद्यापीठाची, अमुक विषयाची पदवी चालेल. तोंडी 'हो हो, चालेल' याला काही अर्थ नाही, साहेब बदलतात.

दूरस्थ पदवी दुय्यम असते हा समज मात्र सोडून द्या. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असल्याचं विद्यापीठ अनुदान आयोगानं, म्हणजे यूजीसीनं, २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे. सगळी मेख 'मान्यताप्राप्त' या शब्दात आहे.

एजंटच्या भरवशावर राहणं

स्टेशनबाहेरच्या 'एज्युकेशन कन्सल्टन्सी'च्या पाट्या तुम्हीही पाहिल्या असतील. विद्यापीठ परराज्यातलं, केंद्र इथल्या एखाद्या गाळ्यात आणि 'परीक्षेची काळजी नको' असं आश्वासन. राज्य विद्यापीठाला आपल्या कार्यक्षेत्राबाहेर दूरस्थ अभ्यासक्रम चालवता येत नाही, आणि फ्रँचायझी देणं तर यूजीसीला मुळीच मान्य नाही. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव बघून थांबू नका. तुमचा अभ्यासक्रम आणि तुमचं प्रवेशाचं सत्र त्या यादीत आहे का, तेही बघा.

इथे जुनी माहिती घात करते. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, मानसशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र हे विषय जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला यूजीसीनं बंदी घातली आहे. मैत्रिणीनं पाच वर्षांपूर्वी केलं म्हणून आज तुम्हाला करता येईलच असं नाही. हे विषय हवे असतील तर नियमित कॉलेजच गाठावं लागेल.

दूरस्थ प्रवेशाला डीईबी आयडी, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावरचा विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, लागतो. तो स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतः काढा. एजंटनं त्याच्या नंबरवर काढला तर पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात.

बारावी कॉमर्सची, स्वप्न सायन्सचं

बीएस्सीला बारावी विज्ञान लागतेच. अपवाद आयटीसारख्या काही अभ्यासक्रमांचा; आयटीला मुंबई विद्यापीठ बारावीला गणित होतं का ते बघतं. बाकीच्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा मार्ग आहे. तिथे वयाची आडकाठी नाही आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेऊन बारावी देता येते. एखादं वर्ष त्यात जाईल. ते वाचवून देतो म्हणणाऱ्याकडे पाठ फिरवा.

आधीच अडकला असाल तर

एसवायला शिक्षण सुटून वीस वर्षं झाली असतील, तर 'माझे मार्क क्रेडिट बँकेत असतीलच' असं समजू नका. ती बँक, म्हणजे विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या क्रेडिटची ऑनलाइन नोंद ठेवणारी व्यवस्था, २०२१ची, आणि तिथले क्रेडिटही जास्तीत जास्त सात वर्षं ग्राह्य. मधल्या काळात मुंबई विद्यापीठात सत्र पद्धत आली आणि २०२४-२५पासून संलग्न कॉलेजांत नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. जुन्या कॉलेजात जाऊन मार्कशीट आणि तिथेच पडून राहिलेला एलसी ताब्यात घ्या, जुने विषय समकक्ष धरतील का ते अर्ज देऊन लेखी विचारा, आणि नकार आला तर वाद न घालता पहिल्या वर्षापासून सुरू करा. नव्यानं प्रवेश घेताना गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी राजपत्राची प्रत तयार ठेवावी. बारावीची मार्कशीट, आधार आणि डीईबी आयडीवरचं नाव जुळलं नाही तर अर्ज तिथेच अडकतो.

इग्नूत थिअरी निघाली पण लॅब चुकली असेल, तर पास झालेले पेपर पास राहतात. फक्त त्या लॅबची पुढची बॅच धरायची. केंद्राच्या समन्वयकाला आताच नाव देऊन ठेवा, तारखा लागल्या की सुपरवायझरकडे रजेचा अर्ज टाका, आणि दिवाळीची रजा त्यासाठी मोडायची का हे घरात आधी बोलून घ्या.